वाणाची पारख शिवारात व्हावी

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रात, १९३० च्या दशकात, जेव्हा वारंवारच्या अवर्षणांनी गांजलेल्या पूर्वेकडील तालुक्यांची विवंचना मुंबई इलाख्याच्या दफ्तरांतही उमटू लागली होती, तेव्हा त्या मुलखातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पेरीत आलेल्या मालदांडी ज्वारीतून निवड करून एक वाण सिद्ध करण्यात आला आणि त्याला ‘मालदांडी ३५-१’ हे नाव मिळाले. त्यानंतर गव्हाचे, उसाचे, कपाशीचे किती वाण आले आणि गेले. ज्यांच्या स्वागतासाठी मेळावे भरले, ज्यांची छायाचित्रे शेतकी मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकली, त्यांतील पुष्कळांची नावेही आज शेतकऱ्यांना आठवत नाहीत. मालदांडी मात्र सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतल्या रब्बीच्या फार मोठ्या क्षेत्रावर अजून उभी आहे. ऐंशी वर्षांहून अधिक काळ टिकलेले असे बियाणे आपल्या शेतीच्या इतिहासात दुर्मीळ म्हणावे लागेल.

या दीर्घायुष्याचे कारण शोधू लागले, म्हणजे शेतकरी आणि शास्त्रज्ञ नवे वाण कशासाठी घडवितात या प्रश्नाचे जे उत्तर आपण सहसा देतो, ते किती अपुरे आहे हे ध्यानी येते. लोकसंख्या वाढते, जमीन वाढत नाही, म्हणून एकरी उत्पन्न वाढले पाहिजे, असे ते उत्तर आहे. ते खोटे नाही. परंतु ज्याच्या घरात त्या पिकाचे पीठ दळले जाते, ज्याच्या दावणीला त्या पिकाची वैरण पडते आणि ज्याची जमीन त्या पिकाखाली पाच महिने अडकून राहते, त्या माणसाच्या मनातला हिशेब याहून फार व्यापक असतो. आणि माझे म्हणणे असे आहे की, वाणाची अंतिम पारख त्या हिशेबाने आणि त्याच्याच शिवारात झाली पाहिजे. प्रयोगशाळेचे व प्रयोगक्षेत्राचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. त्यांच्या परिश्रमाचे सार्थक व्हावे म्हणूनच हे लिहीत आहे.

मोहोळच्या शास्त्रज्ञांपुढे जी मालदांडी आली, ती एकजिनसी नव्हती. कोणताही गावठी वाण पाहिला तर त्यात उंच-ठेंगणी, लवकर-उशिरा निसवणारी, टपोऱ्या व बारीक दाण्यांची अशी नाना प्रकारची ताटे एकत्र नांदत असतात, आणि ही विविधता म्हणजे बेशिस्त नसून अवर्षणाच्या मुलखात शेतकऱ्याने बाळगलेली एक प्रकारची हमी असते. पाऊस लवकर तुटला तर हळवी ताटे पिकतात, परतीचा पाऊस लांबला तर गरवी साधतात. या मिश्रणाला वळण लावण्याचे काम खळ्यावर होत असे. मळणीपूर्वी उत्तम कणसे पाहून बाजूला काढायची, त्यांचे दाणे वेगळे राखायचे, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ते गाडग्यात किंवा कणगीत जपायचे, हे काम घराघरांत मुख्यतः बायका करीत आल्या, आणि त्या हातांनी शेकडो हंगामांत जी निवड केली तिच्यातूनच ही जात घडली. ज्यांनी हे केले त्यांची नावे कोणत्याही दस्तऐवजात नाहीत.

शास्त्रज्ञाने यापुढे जे केले ते साध्या नजरेला साधण्यासारखे नव्हते. शेतात एखादे कणीस भरघोस दिसते. पण ते जातीने भरघोस आहे, की त्याच्या मुळाशी चुकून शेणखताचे ढेकूळ पडले होते म्हणून भरघोस आहे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येक निवडलेल्या कणसाचे दाणे स्वतंत्र ओळीत पेरावे लागतात, त्या ओळीची शेजारच्या ओळीशी तुलना करावी लागते, आणि हीच परीक्षा निरनिराळ्या वर्षांत, निरनिराळ्या पावसात पुनःपुन्हा घ्यावी लागते. ज्वारी बहुतांशी स्वपरागित असल्यामुळे अशा निवडीतून गुण स्थिर करता येतात; तरीही वाऱ्याने थोडाफार परकी पराग येतोच, म्हणून निवडलेली कणसे पिशव्या घालून राखावी लागतात. हे काम संयमाचे आहे. त्यात वर्षे जातात, आणि शेवटी अनेक ओळींतून एखादीच ओळ पदरी पडते. शेतकऱ्याच्या नजरेने गोळा केलेल्या द्रव्यावर शास्त्रज्ञाच्या पद्धतीने केलेला हा संस्कार म्हणजे मालदांडी ३५-१.

आता तिचे गुण पाहावे. मोत्यासारखा शुभ्र, टपोरा, गोल दाणा, पिठाला विरी चांगली, म्हणून भाकरी न फाटता थापता येते आणि शिळी झाली तरी मऊ राहते, गोडीही आहेच. ताट उंच, कडबा पालेदार, आणि गुरे तो चवीने खातात. कोरडवाहू पट्ट्याबाहेरच्या वाचकाला कडब्याचे महत्त्व सहज कळणार नाही. ज्या गावात पावसाळा संपल्यावर हिरवे गवत दिसत नाही, तेथे बैलांची जोडी आणि दुभती गाय म्हैस पुढल्या पावसापर्यंत जगवायची ती या कडब्यावरच, आणि दुष्काळाच्या साली शेकडा पेंड्यांचा भाव दाण्याच्या भावाला मागे टाकू पाहतो. मग ज्या वाणाने दाणे चार पायली जास्त दिले पण ताट कमरेएवढेच ठेवले, तो वाण शेतकऱ्याने का पेरावा? त्याच्या हिशेबी ते नुकसानीचेच पीक.

याखेरीज रब्बीच्या ज्वारीचे एक वैशिष्ट्य असे की ती पावसावर वाढत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाफसा साधून ती पेरायची आणि पुढे काळ्या जमिनीने पोटात साठविलेल्या ओलीवर तिने तग धरायचा. पेरणीची वेळ चुकली तर खोडमाशी पोंगे मारते. दाणा भरण्याच्या सुमारास ओल सरली तर खडखड्या रोगाने ताटे बुंध्याशी पोकळ होऊन लोळतात. डिसेंबरच्या कडक थंडीत फुलोरा आला तर कित्येक वाणांचा पराग निर्बल होतो आणि कणसात दाणेच भरत नाहीत. मालदांडी या संकटांपैकी प्रत्येकाला पूर्णतः पुरून उरते असे नाही, पण सगळ्यांना थोडे थोडे तोंड देते, आणि सगळ्यांना थोडे थोडे तोंड देणारे बियाणेच कोरडवाहू शेतकऱ्याला हवे असते. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनीतील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही या दीर्घ सहवासाचेच फळ होय.

याच्या उलट खरिपातील संकरित ज्वारीची कथा आहे, आणि ती न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. १९६४ साली देशात ज्वारीचा पहिला संकरित वाण, सीएसएच-१, प्रसारित झाला. तो ठेंगणा, लवकर येणारा, खताला प्रतिसाद देणारा होता आणि त्याने उत्पन्नाची जी झेप दाखविली ती तोवर कोणी पाहिली नव्हती. परदेशातून येणाऱ्या धान्याच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याचे ते दिवस होते. १९७२ चा दुष्काळ अजून यायचा होता. त्या काळात ज्यांनी या वाणावर श्रम केले त्यांनी लोकांच्या ताटात भाकरी घातली, आणि त्यांचे ऋण विसरणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि त्या वाणाचे कणीस पावसाळा सरण्याआधीच पक्व होई, परतीच्या पावसात दाणा भिजे, त्यावर बुरशी चढून तो काळा पडे. भाकरी लोकांच्या जिभेला रुचली नाही. आणि कडबा तर हातभर. बाजारात त्या ज्वारीला कमी भाव मिळू लागला. पुढे सुधारलेले संकरित वाणही आले, त्यांत दोषांचे बरेच परिमार्जनही झाले. पण तोवर खरीप ज्वारीवरचे शेतकऱ्याचे मन उडाले होते, आणि सोयाबीन आले तेव्हा त्याने ती जागा सहज घेतली. या ऱ्हासाला धान्याचे भाव, शिधापत्रिकेवरचा गहू-तांदूळ, बदलत्या आवडी अशी इतरही कारणे आहेत. तरीही, दाण्याच्या क्विंटलांवरच दृष्टी खिळवून निवडलेला वाण शेतकऱ्याच्या घरात किती खोल रुजू शकतो याची मर्यादा त्या अनुभवाने दाखवून दिली, असे मला वाटते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग जुनेच बियाणे पुरे, नव्याची यातायात हवी कशाला? गावठी बियाण्याविषयी आज जी ममता पुष्कळांच्या मनात जागी झाली आहे तिचा मला आनंद आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांच्या जतनाचे जे काम केले आणि ज्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ते काम थोर आहे. परंतु बियाणे जसेच्या तसे जपले की शेती सुरक्षित झाली, ही समजूत गव्हाच्या तांबेऱ्याने अनेकदा खोटी ठरविली आहे.

हा तांबेरा म्हणजे एक बुरशी. तिचे बीजाणू इतके सूक्ष्म की वाऱ्यावर शेकडो मैल जातात. आग्र्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ करमचंद मेहता यांनी अनेक वर्षांच्या चिकाटीच्या अभ्यासातून असे दाखविले की, उत्तरेच्या आणि मध्य भारताच्या मैदानी उन्हाळ्यात या रोगाचे बीजाणू तगत नाहीत. ते थंड डोंगरांवर, दक्षिणेत निलगिरी व पलनीसारख्या पर्वतांवर, वर्षभर कोठे ना कोठे उभ्या असलेल्या गव्हावर जिवंत राहतात, आणि हिवाळ्यात तेथून वाऱ्याबरोबर खाली उतरतात. म्हणजे निफाडच्या शेतकऱ्याने आपले शेत कितीही निर्मळ ठेवले तरी त्याचा शत्रू दूरच्या डोंगरात सुखरूप असतो. १९४६-४७ च्या हंगामात काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतात आणि लगतच्या मुलखात गव्हाची जी धूळधाण केली तिची आठवण जुन्या माणसांत दीर्घकाळ राहिली. पीक डोळ्यांदेखत उभे असे, पण ओंबीत हात घातला तर पोचट फोलपटे निघत. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले देशी बन्सी आणि खपली यांपैकी खपलीने त्यातही बरीच झुंज दिली, पण खपलीची भरडण कष्टाची आणि उत्पन्न कमी, म्हणून सगळा मुलूख तिच्यावर जगणार कसा?

महाबळेश्वरला १९४० च्या सुमारास तांबेऱ्याच्या अभ्यासाचे केंद्र निघाले, ते उगाच नव्हे. तेथल्या थंड हवेत रोग वर्षभर वाढविता येतो आणि नव्या वाणांना मुद्दाम रोग लावून त्यांची परीक्षा घेता येते. निफाडच्या केंद्राने केनियातून आणलेल्या प्रतिकारक गव्हाचा स्थानिक गव्हाशी संकर करून ‘केनफाड’ वाणांची मालिका दिली, आणि पुढे त्याच परंपरेत त्र्यंबक, तपोवन, गोदावरी हे वाण निघाले. पण यांतील कोणताही वाण सनदेसारखा कायम नाही. वाण प्रतिकारक झाला की बुरशीही आपले रूप बदलते, आणि जो नवा प्रकार त्या वाणावर जगू शकतो तोच फोफावतो. युगांडात आढळलेल्या आणि १९९९ साली नोंद झालेल्या काळ्या तांबेऱ्याच्या एका नव्या प्रकाराने जगातील फार मोठ्या गहू क्षेत्रावरचे एक भरवशाचे संरक्षण निकामी केले, आणि देशोदेशींच्या केंद्रांना पुन्हा कामाला लागावे लागले. उसाचेही तेच: १९१२ साली कोइमतूरला प्रजनन केंद्र निघाले, तेथल्या संकरांतून को ४१९, को ७४० हे वाण दख्खनच्या कालव्यांवर पसरले, पाडेगावच्या केंद्राने त्यांची येथल्या जमिनीत परीक्षा केली, आणि काणीसारख्या रोगांमुळे व कालांतराने घटणाऱ्या उताऱ्यामुळे जुन्यांची जागा को ८६०३२ ने घेतली. नवा वाण घडविण्याचे काम म्हणूनच कधी संपत नाही, आणि ते थांबविण्याची मुभा कोणत्याही सरकारला नाही.

पुन्हा असेही नव्हे की निवडीची नजर शास्त्रज्ञापाशीच असते. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्यातले दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण जेमतेम प्राथमिक आणि जमीन अगदी थोडी. १९८३ साली ‘पटेल ३’ या धानाच्या शेतात त्यांना वेगळ्या छटेच्या काही लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या खुडून जपल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, आणि ही निवड वर्षानुवर्षे चालू ठेवून बारीक, चवदार तांदळाचा वाण उभा केला. त्या काळी लोकांच्या मनगटावर असलेल्या प्रसिद्ध घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ नाव पडले, आणि तो पूर्व विदर्भात व शेजारच्या राज्यांत सर्वत्र पसरला. १९९८ साली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसारित केला. आपल्या श्रमाचे श्रेय आपल्याला मिळाले नाही, हे दादाजींचे दुःख होते. २००५ साली त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा सन्मान मिळाला. परंतु ज्याच्या वाणाचा तांदूळ लाखो घरांत शिजत होता तो माणूस स्वतः मात्र अखेरपर्यंत हलाखीत राहिला आणि २०१८ साली आजारपणात गेला. या गोष्टीचा विचार करताना मन अस्वस्थ होते. मोहोळच्या खळ्यांवरील बायकांची नावे हरवली ती काळाच्या ओघात. दादाजींचे नाव ठाऊक असूनही त्यांच्या पदरी काही पडले नाही, याला काळाची सबब चालणार नाही.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यालाही वाणाचा निर्माता म्हणून नोंदणीचा हक्क दिला आहे. शिवाय आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा, मुद्राचिन्ह न लावता विकण्याचा हक्कही त्याला दिला आहे. जगातील फार थोड्या देशांत असा कायदा आहे, याचा आपण अभिमान बाळगावा. मात्र नोंदणीसाठी वाणाचा वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य सिद्ध करावे लागते, अर्ज भरावे लागतात, नमुने पाठवावे लागतात. आणि दोन एकरांच्या शेतकऱ्याला ही पायरी चढविण्यासाठी कृषी विद्यापीठानेच हात दिला पाहिजे. तालुका कचेरीत हे काम पाहणारा एक जाणता माणूस असावा, एवढी तजवीज सरकारला अशक्य नाही.

अलीकडच्या काळात विद्यापीठांच्या दृष्टीत पडलेला फरकही नमूद केला पाहिजे, कारण तो स्वागतार्ह आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीसाठी सरसकट एकच वाण सुचविण्याचे सोडून जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले: हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा, भारीसाठी फुले वसुधा आणि फुले रेवती. इतकेच नव्हे तर हुरड्यासाठी फुले उत्तरा, लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी असे वाण निघाले. परभणीहून परभणी मोती आला. हुरड्याची गोडी, लाहीचा फुलवा, पापडाचा रंग हे गुण कोणा अधिकाऱ्याच्या तक्त्यात आधीपासून नव्हते. ते शेतकऱ्याच्या घरातून शास्त्रज्ञाकडे गेले, आणि त्याने ते विनयाने स्वीकारले. शास्त्राची अशी प्रगती पाहून मला खरोखर समाधान वाटते.

तरीही नव्या वाणापुढे मालदांडीचे आसन अजून ढळलेले नाही, आणि याचे एक कारण वाणाच्या गुणाबाहेरचे आहे. पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, अशा पायऱ्यांनी नवा वाण शेतकऱ्याच्या हाती पडायचा असतो. ज्वारीचा सरळ वाण एकदा घेतला की शेतकरी पुढे घरचेच बी पेरतो. म्हणून त्यात खाजगी व्यापाऱ्याला फारसे स्वारस्य नाही, आणि ते असावे अशी अपेक्षाही रास्त नाही. हा भार महाबीजसारख्या सार्वजनिक संस्थेने आणि विद्यापीठांच्या बीजशाळांनीच वाहिला पाहिजे. पेरणीच्या पंधरवड्यात दुकानी बियाणे नसेल तर शेतकरी कणगीतले काढून पेरणार, आणि मग नवा वाण वाईट होता म्हणून चालला नाही असा शेरा कोठेतरी दफ्तरी पडणार. संशोधन केंद्रांतील रिकाम्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत हेही चिंतेचे आहे. वाण घडवायला दहा-बारा वर्षे लागतात. मध्येच माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या ओळी दुसऱ्या कोणी पाहिल्याच नाहीत, तर तेवढी वर्षे मातीत गेली.

आज या शेतकऱ्याची अडचण पुन्हा पालटली आहे. रब्बी ज्वारी मुळासकट उपटून काढावी लागते, पेंड्या बांधाव्या लागतात, बुचाडे रचावी लागतात. या कामाला माणसे मिळेनाशी झाली आहेत, आणि ज्वारीचा भाव चढूनही पुष्कळ जण केवळ काढणीच्या धास्तीने हरभऱ्याकडे वळतात. यंत्राने कापता येईल असे, एकाच वेळी पिकणारे, न लोळणारे ताट हवे. पण ते ठेंगणे करून कडबा गमावला तर १९६४ नंतरचीच चूक पुन्हा होईल. ही कोंडी सोडविणारा वाण मोहोळला, राहुरीला किंवा परभणीला जेव्हा घडेल, तेव्हा तो शिफारशीला येण्याआधी मंगळवेढा, माढा, जामखेड, पाटोदा येथल्या शेतकऱ्यांच्या रानांत, त्यांच्याच मशागतीने आणि त्यांच्याच पावसात तीन वर्षे पेरला जावा. दाण्याच्या वजनाच्या रकान्याशेजारी कडब्याच्या पेंड्यांचा, गुरांनी टाकलेल्या वैरणीचा, काढणीला लागलेल्या मजुरीचा आणि भाकरी थापणाऱ्या बाईच्या अभिप्रायाचा रकाना असावा. आणि वाण प्रसारणाच्या समितीने मंजुरी देताना हे सर्व रकाने सारख्याच गांभीर्याने वाचावेत.